मोरजीचा फोन, मयेची वायर

व्याही,

तुमचा फोन माझ्या मेजावर आहे. वायर लावली आहे आणि कॉम्प्युटरवर ती हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे चालली आहे. तुम्ही शेजारच्या कदेलीवर बसलेले असता तर एव्हाना चारदा विचारून झाले असते, "झाले काय हो?" आणि मी चारदा ओरडलो असतो, "भात चुलीवर घातला म्हणजे लगेच शिजतो काय?" आज विचारायला कोणी नाही. पट्टीकडे नुसते बघत बसणे माझ्याने होत नाही, म्हणून हे लिहायला घेतले. माझे शिक्षण मराठी तिसरीपर्यंतचे, तेही देवळाच्या मंडपात. चुका असतील. तुम्ही तर दुसरीतूनच पळालात, तेव्हा हसू नका.

लोक मला विचारतात, व्याही कशाने गेले. मी सांगत नाही. ते डॉक्टरला माहीत. मोरजीच्या रेतीवर ज्याने कासवांची राखण केली, त्याची ओळख काय आजारावरून करून द्यायची?

तुमच्या बाराव्याला जे झाले ते तुम्हाला कोणी सांगितले नसेल, म्हणून मी सांगतो. जेवणे उरकली होती. नयना, तुमची लेक आणि माझी सून, ओसरीवर तुमचा फोन मांडीवर घेऊन बसली होती. माझा उमेश शेजारी. दोघांना दोन दिवसांनी दुबईला परतायचे होते. नयना म्हणाली, "हा फोन मी नेते. बाबांनी ठेवला तसाच ठेवीन. यातले काही हलवायचे नाही."

विहीणबाई आतून पदराला हात पुसत आल्या. "नेऊन काय करशील? कपाटात ठेवशील. माडाकडचे घरटे अजून फुटायचे आहे. पिल्ले बाहेर येतील तेव्हा फोन लागेल. आणि तो भरलाय. फोटो काढायला गेले की जागा नाही म्हणतो."

"आई, तू काढणार फोटो?"

"का गो? माझी बोटे मोडली काय?"

मग नयना म्हणाली, "बरे, आत्ता माझ्या लॅपटॉपवर घेते सगळे. नाहीतर इंटरनेटवर चढवते, मग कुठूनही बघता येतील."

विहीणबाईंनी तिच्या मांडीवरून फोन उचलला आणि चार माणसांदेखत माझ्या हातावर ठेवला. "ते काम मयेच्या व्याह्यांचे. रिकामा करून आणा हो."

व्याही, त्या वेळी रडायचे होते खरे. पण मी ताठ झालो. दुबईतली लेक बाजूला राहिली, लॅपटॉप बाजूला राहिला, आणि फोन आला माझ्याकडे. सदऱ्याच्या खिशात घातला, वर बटण लावले आणि म्हापशाच्या बसमध्ये खिशावर हात ठेवून बसलो. शेजारच्या बाईला वाटले असेल म्हाताऱ्याच्या छातीत दुखते.

घरी आलो आणि फोन मेजावर ठेवला. मग मात्र हात पुढे जाईना. आमची ही रोज विचारायची, "केलात काय तो फोन?" मी सांगायचो, करंट नाही. करंट होता. फोन रिकामा करून दिला की पुढे मोरजीच्या माणसाने मयेला कशाला यायचे, हे मला कळत नव्हते. अजून कळलेले नाही. लोकांच्या दृष्टीने आपल्या दोन घरांमध्ये काय आहे? नयना आणि उमेश, ते दोघे दुबईत. बाकी वाट होती ती या फोनची.

तुम्ही जुन्या रीतीचे. लेकीच्या घरी उगाच जायचे नाही, गेले तर पाटावर बसून पोटभर जेवायचे नाही, मुक्काम तर नाहीच. आणि इथे तर लेकही घरात नाही. व्याही सारखा येतो म्हटले की गावात लोकांच्या भुवया वर जातात. मग तुम्हाला कारण लागायचे. ते कारण नयनानेच तुम्हाला दिले, तो फोन पाठवून. आणि उमेशने मला दिले, त्याचा जुना कॉम्प्युटर माझ्या गळ्यात टाकून. फोन तुमच्याकडे मोरजीत, कॉम्प्युटर माझ्याकडे मयेत. मध्ये चोपड्याचा पूल, म्हापसा, डिचोली आणि दोन बस बदलायच्या.

पहिल्यांदा आलात तो दिवस मला दिसतो. सुपारीच्या कुळागरातल्या वाटेने छत्री बगलेत, एका हातात ताज्या बांगड्यांची पिशवी. मला वाटले काही वाईट बातमी. तुम्ही पायरीवर उभे राहून म्हणालात, "व्याही, फोन भरला."

"मग?"

"मग रिकामा करायला नको?"

आमची ही आतून हसली ती मी ऐकली. माशांची पिशवी तिने घेतली आणि फोन मी घेतला. तुम्ही म्हणालात, नयनाने सांगितले आहे, एक एक फोटो पुसून टाका. पण पुसायचे नाही. रेतीवर कासव वर आले त्याचा माग, अंडी घालून परत गेले त्याचा माग, घरट्याभोवती लावलेले जाळे, सगळे हवे. "जाळ्यात आलेले सगळेच टोपलीत घालतो मी," म्हणालात. रापणीचे जाळे ओढणाऱ्या माणसाचे बोलणे. मी म्हटले, टोपली माझ्याकडे आहे, बसा.

बसलो खरे, पण त्या दिवशी काहीच झाले नाही. तुम्ही म्हापशाच्या बाजारातून वायर आणली होती. ती लावली, फोनने चार्ज घ्यायला सुरुवात केली, आणि कॉम्प्युटर मुका. फोन आहे याची त्याला दादच नाही. तुम्ही म्हणालात कॉम्प्युटर बिघडला. मी म्हटले फोन बिघडला. चहा थंड झाला. शेवटी तुम्ही माझ्या कॉम्प्युटरला "खोका" म्हणालात आणि मी तुमच्या फोनला "आरसा", आणि आमची ही मध्ये येऊन म्हणाली, "दोन म्हातारे एक वायर धरून भांडतात, कोणी बघितले तर काय म्हणेल?" डिचोलीच्या दुकानात मी दुसऱ्या दिवशी ती वायर घेऊन गेलो, तेव्हा कळले. काही वायरींतून नुसता करंट जातो, फोटो जात नाहीत. मी तुम्हाला फोन करून सांगितले, "तुमची वायर नुसती जेवते, बोलत नाही." तुम्ही म्हणालात, "म्हणजे कॉम्प्युटर बरा आहे?" मी म्हटले, बरा होताच. एवढ्यावर तो वाद मी जिंकला. दुसरी, बोलणारी वायर मी तेव्हाच घेतली. तीच आज लावली आहे.

वायर लावायची. फोन जागा ठेवायचा, झोपलेला फोन काही देत नाही. वरून पडदा खाली ओढायचा, तिथे तो नुसता चार्ज म्हणतो, त्याला फाईल द्यायला सांगायचे. मग कॉम्प्युटरमध्ये फोनचे चित्र येते. ते उघडायचे, कॅमेऱ्याचा डबा उघडायचा, सगळे धरायचे, इकडे आणून सोडायचे. आज मी हे डोळे झाकून करतो. गावातली शिकलेली पोरे म्हणतात, बाबा, आता वायर कोण वापरतो. वापरतो मी. वायरीची दोन टोके मला दिसतात. एका टोकाला तुम्ही, दुसऱ्याला मी.

आता त्या कौलाच्या गोष्टीवर येतो. ती टाळून पुढे गेलो तर तुम्ही म्हणाल, व्याही पळाला.

आपण दोघे कौलाची माणसे. देवीच्या अंगावर फुलांच्या कळ्या लावायच्या, गाऱ्हाणे घालायचे, उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. तुमची होडी, माझी बोअरिंग, उमेश-नयनाचे लग्न, सगळे उजव्या कौलाने झालेले. आणि इंग्रजी आपल्याला वाचता येत नव्हते. फोनने काही विचारले आणि दोन खुणा पुढे ठेवल्या, की आपण उजवी दाबायचो. फोनमध्ये ते बरोबरच निघायचे. होकार उजवीकडेच असायचा. तुम्ही तर म्हणालात, "बघा, बनवणाऱ्याला रीत ठाऊक आहे."

पण कॉम्प्युटर बनवला कोणी कोण जाणे. त्याने होकार ठेवला डावीकडे. एका वर्षी पिल्ले बाहेर पडल्याचा सगळा व्हिडिओ तुम्ही आणलात. मी सगळे धरून सोडले. कॉम्प्युटरने चौकट काढून काहीतरी विचारले. दोन खुणा.

"उजवा," तुम्ही म्हणालात.

उजवा दाबला. चौकट गेली.

"झाले?"

"झाले."

मग फोन रिकामा करायला घेतला. फोननेही विचारले. "उजवा," तुम्ही पुन्हा म्हणालात. उजवा दाबला. फोन रिकामा झाला. शिवाय फोनच्या आत एक कचऱ्याचा डबा असतो, पुसलेले काही दिवस तिथे पडून राहते, तो कोणाला ठाऊकही नसतो. तो तुम्ही तुमच्या हाताने शोधून काढलात आणि तोही ओतून दिलात. "घरात कचरा ठेवायचा कशाला?" त्या दिवशी फार खुशीत होतात तुम्ही. दोन बांगडे जास्त खाल्लेत, पाटावर बसून, पोटभर, लेकीच्या घरी.

मग मी कॉम्प्युटर उघडून बघितले तर तिथे काही नव्हते.

आपण दोघे त्या रिकाम्या चौकटीसमोर किती वेळ बसलो! तुम्ही उठून कुळागरात गेलात, परत आलात. मी विचार केला आता व्याही रडणार किंवा मला शिव्या घालणार. तुम्ही तोंडावर पाणी मारलेत आणि विचारलेत, "व्याही, उजवे कोणी दाबले?"

"तुम्ही सांगितलेत म्हणून दाबले."

"पण दाबले तुम्ही."

"सांगितले कोणी?"

हे आपले भांडण शेवटपर्यंत संपले नाही. रुग्णालयात मी भेटायला आलो तेव्हा तोंडावरची नळी बाजूला करून तुम्ही काय म्हणालात? "व्याही, दाबले तुम्हीच." नर्स घाबरली. तिला वाटले खून झाला. मी आजही सांगतो, तुम्ही उजवे म्हणालात. आणि चूक आपल्या दोघांचीही नाही, होकार डावीकडे ठेवणाऱ्याची आहे. नयनाने मग फोनवरून सांगितले, बाबा, कॉम्प्युटर मराठीत करून देते, होय आणि नाही वाचता येईल. मी म्हटले, नको. दोन शब्दांसाठी याला मराठी शिकवण्यापेक्षा मीच ते दोन इंग्रजी शब्द शिकतो. आणि शिकलो. आज कोणतीही चौकट आली तरी मी वाचून दाबतो. या वयात शिकलो, आणि तुमच्यामुळे शिकलो. हे मात्र लिहून देतो.

तुमचे मोठेपण दुसरेच. तो सगळा हंगाम गेला, तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा रेतीवर होतात. मी फोन केला तर म्हणालात, "फोटो गेले, पिल्ले काय गेली? ती समुद्रात आहेत. पुढच्या वर्षी परत काढू." माझी सुपारी एक वर्ष गळाली तर मी महिनाभर कोणाशी बोलत नाही.

मी एकदा तुमच्याबरोबर रेतीवर आलो होतो. खरे सांगायचे तर तुम्हाला हसायलाच आलो होतो. डोंगरातला माणूस मी, मला वाटायचे म्हातारा कासवाची अंडी राखतो म्हणजे झोप येत नसणार. पहाटेची वेळ, रेती गार. वनखात्याच्या माणसांनी घरट्याभोवती जाळे लावले होते, ते त्यांनी बाजूला घेतले. तुमच्या एका हातात काठी, कुत्र्यांसाठी आणि कावळ्यांसाठी. दुसऱ्या हातात फोन. आधी रेती मध्येच खचली. मग एक काळे नाक दिसले, आणि मग एकदम, भात उतू जावा तशी पिल्ले. सगळी पाण्याकडे. कोणी सांगितले नाही, कोणी वाट दाखवली नाही.

दोघे गोरे पाहुणे बॅटरी पेटवून जवळ आले. तुम्ही काठी आडवी धरलीत. "नो लाईट, बाबा, नो लाईट! बेबी गोइंग होम!" त्यांनी बॅटरी विझवली आणि तुमच्या मागे शहाण्या पोरांसारखे उभे राहिले. मी मनात म्हटले, हे माझे व्याही. दुसरी नापास माणूस, आणि साहेब त्याचे ऐकतात.

एक पिल्लू उताणे पडले होते. मी वाकलो.

"हात लावू नका."

"अहो, मरेल ते."

"मरणार नाही. बघा."

मी हात मागे बांधून उभा राहिलो. आयुष्यात कशात हात न घालता मी कधी उभा राहिलो नव्हतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते हलले, वळवळले, सरळ झाले आणि चालायला लागले. तुम्ही माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. पण तुमची मान ताठ झाली ती मला कळली.

त्या पहाटेच्या व्हिडिओत तुमचा अंगठा आहे. अर्धा समुद्र अंगठ्याने झाकलेला. तुमच्या निम्म्या फोटोंत तो आहे, व्याही. किती सांगितले, बोट बाजूला घ्या. मी म्हणायचो, अंगठ्याचे फोटो टाकून देऊ, जागा अडवतात. तुम्ही म्हणायचात, "त्यात कासवही आहे." मी म्हणायचो, कासव कमी आणि अंगठा जास्त. हेही भांडण राहिले. आज सगळे इकडे घेताना मी एकही वगळला नाही. तुम्ही जिंकलात असे समजू नका. गोष्ट एवढीच आहे की बघता बघता माझ्या लक्षात आले, इतक्या वर्षांच्या फोटोंत तुमचा स्वतःचा एकही फोटो नाही. आहे तो अंगठाच.

आणि मला मोरजीच्या शाळेतला तो कार्यक्रम आठवतो. मास्तरांनी तुम्हाला सांगितले, कासवांचे व्हिडिओ मुलांना दाखवा. मी सगळे पेन ड्राईव्हवर घातले, खिशात घातले, बटण लावले आणि मोरजीला आलो. पांढऱ्या पडद्यावर तुमची पिल्ले भिंतीएवढी झाली. मुले ओरडत होती. शेवटी मास्तरांनी तुमचे आभार मानले आणि माईक दिला. मला वाटले तुम्ही नुसते हात जोडून बसाल. तुम्ही म्हणालात, "फोटो मी काढले. पण माझा फोन कधीचा फुटला असता. इतक्या वर्षांचे सगळे सांभाळले ते मयेच्या माझ्या व्याह्यांनी. व्याही, उठा."

मी उठलो नाही.

"उठा हो. मुले बघतात."

उठलो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. व्याही, शाळेत मला याआधी उभे केले होते ते फक्त शिक्षा म्हणून. वाटेत मी तुमच्याशी भांडलो, की मला न विचारता का उठवले. तुम्ही नुसते हसत चाललात. माझ्या भांडणाला काय म्हणायचे ते तुम्हाला बरोबर कळायचे.

माझ्या कॉम्प्युटरमध्ये सगळे आहे. नयना म्हणते, बाबा, डब्यांना नावे तरी द्या, सगळीकडे न्यू फोल्डर, न्यू फोल्डर दोन, न्यू फोल्डर तीन, कोणाला काय कळणार? मला कळते. पाचव्यात पुलाजवळचे घरटे आहे. आठव्यात ते कासव, जे दिवसाउजेडी वर आले आणि तुम्ही किनाऱ्यावरच्या शॅकवाल्याला गाणे बंद करायला लावले. माझे कुळागर मी बिननावाचे ओळखतो, प्रत्येक झाड. तसेच हे. तरी सांगतो, तुमच्या नातवंडांसाठी नावे घालीन. माझ्या वेळेने. नयनाच्या घाईने नाही.

एक गोष्ट राहिली. गेल्या वर्षी नयनाने तुम्हाला शिकवले, फोटो बसल्या जागी पाठवायला. एका दुपारी माझा फोन वाजला आणि त्यावर एक कासव. मी लगेच तुम्हाला फोन लावला.

"हे काय?"

"वाऱ्यावरून पाठवले. बघितले? बस नको, छत्री नको."

"वाऱ्यावरचे मी घेत नाही. सुकून आलाय तुमचा फोटो, खारवलेल्या बांगड्यासारखा."

खोटे नव्हते. त्या वाटेने फोटो लहान होऊन येतो, मोठा करून बघितला की रेतीचा नुसता चिखल. वायरीने आलेल्यात रेतीचा कण न् कण दिसतो. हे मी तुम्हाला पुराव्यासह दाखवले असते. पण खरे कारण ते नव्हते, हे तुम्हालाही कळले असणार. तुम्ही विचारलेत, "मग येऊ काय?"

आणि मी म्हणालो, "वायर इथे आहे."

एवढेच म्हणालो. या, असे म्हणालो नाही. फोन रिकामा असला तरी या, असे तर कधीच नाही. आपल्यात तशी बोलायची रीत नव्हती. तुम्ही दुसऱ्याच दिवशी आलात, बसने, छत्री घेऊन, पिशवीत तारले मासे. आणि फोन, बघतो तर, अर्धाही भरलेला नव्हता. मी वायर लावली. पट्टी चटकन पुढे गेली आणि आपण संध्याकाळपर्यंत मयेच्या तळ्याकाठी बसून राहिलो. तळ्यातल्या माशाला तुम्ही मासाच मानला नाहीत कधी. "गोड्या पाण्यातला तो? त्याला मी आजाऱ्याचा मासा म्हणतो."

पट्टी संपली.

मी उघडून बघितले. पहिला, मधला, शेवटचा. सगळे आले. शेवटचा फोटो माडाकडच्या घरट्याचा आहे. जाळे, रेती, आणि कोपऱ्यात अंगठा. मग फोन हातात घेतला, सगळे धरले, त्याने विचारले, मी वाचले आणि दाबले. फोन रिकामा झाला. पुसून, रुमालात बांधून ठेवला आहे. उद्या मोरजीला जातो.

हे पुढचे जाऊन आल्यावर लिहितो.

विहीणबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. ते मला बरे वाटले, घरच्या माणसाला बघून कोणी उठत नाही. मी फोन पुढे केला.

"झाला रिकामा?"

"झाला. एकही फोटो सोडला नाही. सगळे आहेत."

"अंगठ्याचेही?"

"अंगठ्याचेही."

त्या खाली बघून हसल्या, मग डोळ्यांना पदर लावला, मग सूप बाजूला ठेवून फोन हातात घेतला. मला वाटले शिकवावे लागेल. कसचे काय! तुम्ही काढत होतात तेव्हा त्या मागे उभ्या राहून सगळे बघत होत्या, हे मला कोणी सांगितले नव्हते. फोन आडवा धरला, बोट नीट बाजूला घेतले आणि माझ्यावर रोखला.

"माझा कशाला? कासवांसाठी जागा ठेवा."

"उभे राहा हो सरळ. ओळखीच्या माणसावर हात बसवते. कासव थांबणार नाही माझ्यासाठी."

काढला. मला दाखवला. मी पायरीवर, छत्री हातात, तोंड भांडायला निघाल्यासारखे. चांगला आला आहे. तुमच्यापेक्षा चांगला काढतात त्या, राग मानू नका.

मग आम्ही दोघे रेतीवर गेलो. माडाकडचे घरटे अजून गप्प आहे. जाळ्याजवळ त्या वाकल्या, रेतीला हात न लावता बघितले आणि म्हणाल्या, "येतील आठ-दहा दिवसांत. मी असेन इथे." कुत्रे आले ते त्यांनी तुमच्याच काठीने हाकलले. काठी त्यांच्या हातात उंच वाटते. पण आवाज तुमच्यापेक्षा मोठा.

निघताना परत पायरीपर्यंत आलो. त्या म्हणाल्या, "फोन भरला की घेऊन येते मयेला. बस कुठे बदलायची ते सांगा."

मी सांगितले, म्हापशाला एक आणि डिचोलीला एक. चपला घातल्या. दोन पावले गेलो. आणि मग वळलो, व्याही.

"विहीणबाई, फोन भरायची वाट बघू नका. रिकामा असला तरी या."

त्या ओसरीवर टेकल्या. "मग कारण काय सांगू लोकांना?"

"सांगा, व्याह्यांनी जेवायला बोलावलेय."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतले. एक खडा उचलून अंगणात टाकला. मग विचारले, "बांगडे आणू, की तारले?"

मी म्हटले, दोन्ही आणा. तुमच्या घराच्या पायरीवर उभे राहून म्हटले, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. तुम्हालाही ऐकू आले असेल.